गाइडं दोन, धडा एकच

तुलना करणं हा मास्तरांचा धंदाच. छत्तीस वर्षं वह्या तपासण्यात गेली. एका बाकावरच्या दोघांच्या उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या की कोणी कोणाचं पाहून लिहिलंय ते दोन ओळींत कळायचं. निवृत्तीनंतर ही सवय कुठे उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं, पण पडली. तीही शेअर बाजारात! मराठी आणि इतिहास शिकवलेल्या माणसाने शेअर बाजारावर लिहावं याचं आमच्या घरातही हसू झालंय. हसा मंडळी, पण वाचा.

तर झालं असं. माझा एक जुना विद्यार्थी फौजेत होता. रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये. शिपाई म्हणून लागला आणि सुभेदार होऊन गेल्या वर्षअखेरीस निवृत्त झाला. पारनेर तालुक्यातला, कोरडवाहू घरातला मुलगा. नाव देत नाही, त्याला आवडणार नाही. वय एक्कावन्न. ग्रॅच्युइटी, फंड, पेन्शन विकून आलेली रक्कम असे सगळे मिळून जे पैसे आले, त्यातले दहा लाख बाजूला ठेवून तो माझ्याकडे आला. मोबाइलवर दोन नावं दाखवली आणि म्हणाला, "सर, हे दोन ईटीएफ आहेत डिफेन्सचे. दोन्हीतला कोणता चांगला एवढंच सांगा. दहाच्या दहा तिकडंच टाकतो. आपलंच क्षेत्र आहे."

मी म्हटलं, "अरे, मला आधी ईटीएफ म्हणजे काय ते तरी समजू दे. आठ दिवसांनी ये."

ते आठ दिवस मी फंडांची माहितीपत्रकं भिंग लावून वाचली. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

ईटीएफ म्हणजे एक्स्चेंज ट्रेडेड फंड. अनेक कंपन्यांचे शेअर ठरलेल्या प्रमाणात एका टोपलीत घालायचे आणि त्या टोपलीचे छोटे छोटे वाटे शेअर बाजारात विकायला ठेवायचे. वाटा घ्यायला डीमॅट खातं लागतं. टोपलीत काय घालायचं हे फंड चालवणारा आपल्या मनाने ठरवत नाही, त्याला एक यादी दिलेली असते. आपल्याकडच्या डिफेन्स ईटीएफची ती यादी म्हणजे 'निफ्टी इंडिया डिफेन्स' हा निर्देशांक. एनएसईच्या कंपनीने तो २०२२ च्या जानेवारीत सुरू केला. वर्षातून दोनदा यादी तपासली जाते आणि त्या वेळी कोणत्याही एका कंपनीला वीस टक्क्यांहून जास्त वजन देत नाहीत. या यादीवर मोतीलाल ओसवाल यांचा ईटीएफ २०२४ च्या ऑगस्टमध्ये आला आणि पाठोपाठ त्याच वर्षी ग्रो यांचा आला. सुभेदारसाहेबांच्या मोबाइलवर होते ते हेच दोघं.

आता गंमत बघा. दोघांची यादी एकच! म्हणजे दोन प्रकाशकांनी एकाच पाठ्यपुस्तकावर काढलेली दोन गाइडं. धडा तोच, प्रश्न तेच, उत्तरं तीच. मग तुलना कशाची करायची? गाइड घेताना आपण करतो तीच.

पहिली गोष्ट किंमत. फंडवाला सांभाळण्याचे पैसे दरवर्षी कापून घेतो, त्याला एक्स्पेन्स रेशो म्हणतात. दोन फंडांत शंभर रुपयांमागे दहा पैशांचा फरक असला, तर दहा लाखांवर तो वर्षाला हजार रुपये होतो. दुसरी गोष्ट छपाईच्या चुका. यादीने शंभराचे एकशे दहा केले आणि फंडाने एकशे नऊच केले, तर तो एक रुपया गळाला. ही गळती वर्षानुवर्षं किती होते ते फंड स्वतःच जाहीर करतात. तिसरी गोष्ट, पुस्तक दुकानात मिळतं का! ईटीएफ बाजारात विकायचा तर समोर घेणारा हवा. रोजचा व्यवहार कमी असेल तर खऱ्या किमतीपेक्षा महाग घ्यावा लागतो आणि स्वस्त द्यावा लागतो. टोपलीतल्या मालाची खरी किंमत बाजार चालू असताना फंडाच्या संकेतस्थळावर दिसत असते. ती आणि बाजारभाव शेजारी ठेवून बघायचे, आणि खरेदीचा भाव आपण लिहून द्यायचा, 'मिळेल त्या भावाला' म्हणायचं नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात चांदीच्या ईटीएफवर लोकांची झुंबड उडाली, तेव्हा कित्येकांनी चांदीच्या किमतीपेक्षा बरेच जास्त पैसे मोजून ते घेतले. टोपलीतली चांदी तेवढीच, वाटा मात्र महाग. दहा पैशांची काटकसर अशा एका खरेदीत धुऊन निघते.

झाली तुलना. चहा गार व्हायच्या आत होते.

(अमेरिकेतल्या माझ्या भाच्याला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे असं नाही." त्यांच्याकडे पीपीए २००५ पासून, आयटीए २००६ पासून आणि एक्सएआर २०११ पासून आहे, आणि तिघांच्या याद्या वेगवेगळ्या. आयटीएमध्ये जीई एरोस्पेस, आरटीएक्स, बोइंग अशा धेंडांचा वाटा मोठा. एक्सएआरमध्ये लहानमोठ्यांना जवळपास सारखं वजन. आणि बोइंग म्हणजे नुसती लढाऊ विमानं नव्हेत, आपण ज्यात बसून भाच्याकडे जातो ती प्रवासी विमानंही आली. तिकडे तीन वेगळी पाठ्यपुस्तकं आहेत, म्हणून तिकडे तुलनेला जास्त अर्थ आहे. असो.)

आठ दिवसांनी सुभेदार आला. मी कागदावर दोन रकाने आखून ठेवले होते. तो खूश झाला. पण आमच्या सौभाग्यवतींनी चहा ठेवता ठेवता एकच प्रश्न विचारला आणि माझे दोन्ही रकाने बाजूला राहिले.

"त्या टोपलीत तुझा रणगाडा आहे का रे?"

सुभेदार म्हणाला, "असणारच की काकू, डिफेन्स म्हटल्यावर."

आम्ही यादी उघडली. रणगाडा नव्हता.

हे आमच्या नगरच्या माणसाला खटकण्यासारखंच आहे. आमचा जिल्हा आता अहिल्यानगर झाला, २०२४ साली नाव बदललं. पण गाव रणगाड्यांचं आहे ते आहेच. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथलं, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र इथलं, रणगाड्यांचं संग्रहालय इथलं. खारे कर्जुने गावाच्या नावावरून जिला के. के. रेंज म्हणतात तिथे गोळे सुटले की खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि पाहुणे दचकतात, आम्ही नाही. २०२० च्या सप्टेंबरात अर्जुन रणगाड्यातून लेझरने नेम धरणाऱ्या क्षेपणास्त्राची चाचणी झाली ती याच रेंजवर. आमच्या सुभेदाराने आयुष्य टी-७२ मध्ये काढलं. तो रणगाडा, टी-९० आणि अर्जुन हे सगळे तमिळनाडूतल्या आवडीच्या कारखान्यात बनले. हा कारखाना आधी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाचा होता. १ ऑक्टोबर २०२१ ला बोर्ड मोडून सरकारने सात कंपन्या केल्या, त्यातल्या आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे आवडी गेलं. पुण्याची म्युनिशन्स इंडिया, दारूगोळ्याची, ही त्याच सातांतली. या कंपन्यांची मालकी सरकारची. त्यांचे शेअर बाजारात नाहीत, म्हणून टोपलीतही नाहीत.

मग आम्हाला चाळाच लागला. ब्राह्मोस? रशियाबरोबरची भागीदारीची कंपनी, शेअर बाजारात नाही. आमच्या नगरच्या व्हीआरडीईने आराखडा केलेली आठ चाकी चिलखती गाडी? व्हीआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा, तिचे शेअर कुठून असणार! ती गाडी बनवते टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्स. तिचा मोरोक्कोतला कारखाना २०२५ च्या सप्टेंबरात संरक्षणमंत्र्यांच्या हस्ते सुरू झाला. नगरमध्ये आखलेली गाडी आफ्रिकेत बनायला लागली, अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या कंपनीचा शेअरही बाजारात मिळत नाही.

आणि टोपलीत काय होतं? बंगळूरची हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल. भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे बीईएल. रडारं बनवते आणि आपण ज्यावर बटण दाबतो ती मतदानयंत्रंही बनवते. मुंबईची माझगाव डॉक, पाणबुड्यांची. कोचीन शिपयार्ड, गार्डन रीच, भारत डायनॅमिक्स. नागपूरची सोलर इंडस्ट्रीज. ती पिनाकाची रॉकेटं करते, पण तिच्या धंद्याचा मोठा भाग खाणींत लागणाऱ्या स्फोटकांचा आहे. अशा दीडेक डझन कंपन्या. सगळ्यात मोठ्या दोन-तीन घेतल्या तर टोपलीचा बराच भाग तिथेच भरतो.

म्हणजे 'संरक्षण' हे टोपलीचं नाव आहे. टोपलीत देशाचं संरक्षण नाही. त्या क्षेत्रातल्या ज्या कंपन्या बाजारात नोंदलेल्या आहेत तेवढ्याच आहेत. धड्याचं शीर्षक वाचून उत्तर लिहू नका, धडा वाचा, असं मी पोरांना सांगत आलो. इथे यादी हाच धडा.

सुभेदार थोडा हिरमुसला. म्हणाला, "पण सर, पैसे तर देशाच्याच कामी येतील ना?"

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण हल्ली या फंडांबद्दल बोलणारे बरेचजण आवाजात थोडी देशभक्ती मिसळून बोलतात. खरं काय आहे? आपण बाजारात ईटीएफचा वाटा घेतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाकडून तरी. त्याला पैसे मिळतात, आपल्याला वाटा मिळतो. फंडाने नवे वाटे काढले तरी तो शेअर बाजारातूनच घेणार. एचएएलच्या तिजोरीत त्यातून विमानाचा एक स्क्रूही वाढत नाही. विमानाचे पैसे सरकार देतं, तुमच्या-माझ्या करातून. तेव्हा वाटा घ्यायचा तर नफ्यासाठी घ्या, त्यात काही गैर नाही. पण देशसेवा म्हणून घेऊ नका. सुभेदाराची देशसेवा करून झाली आहे. ती दहा लाख गुंतवून पुन्हा सिद्ध करायची गरज नाही.

यातच दुसरी गोष्ट आली. या कंपन्यांचं गिऱ्हाईक मुख्यतः एकच, केंद्र सरकार. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणाला सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते. त्यातले शस्त्रं, विमानं, जहाजं यांच्या भांडवली खर्चाला सुमारे १ लाख ८० हजार कोटी, आणि पेन्शनला सुमारे १ लाख ६० हजार कोटी. मी सुभेदाराला म्हटलं, "बघ, तुझी पेन्शन याच तिजोरीतून येते आणि या कंपन्यांच्या ऑर्डरीही याच तिजोरीतून. तुझं पोट आधीच या गिऱ्हाइकावर आहे. फरक एवढाच, की पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते. ऑर्डर आली तरी माल वेळेवर जाईलच असं नाही." तेजसचंच घ्या. २०२१ च्या फेब्रुवारीत ८३ तेजस मार्क-१ए चा करार झाला. मार्च २०२४ पर्यंत विमानं यायला लागायची होती. अमेरिकेच्या जीईकडून इंजिनं उशिरा आली आणि वेळापत्रक घसरलं. तरी २०२५ च्या सप्टेंबरात आणखी ९७ विमानांचा, ६२ हजार कोटींच्या वरचा करार झाला, आणि ऑक्टोबरात आपल्या नाशिकच्या ओझरहून मार्क-१ए उडालं. करार मोठा, पण करारापासून नफ्यापर्यंतचा रस्ता लांब आणि खड्ड्यांचा. शेअरची किंमत मात्र करार जाहीर झाल्या दिवशीच पळत सुटते.

पळते तशी पडतेही. २०२४ च्या जुलैत या निर्देशांकाने शिखर गाठलं. तिथून २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत तो तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कोसळला. कोचीन शिपयार्डचा शेअर तर निम्म्याहून खाली आला. २०२५ च्या मे-जूनमध्ये निर्देशांक पुन्हा जुन्या उंचीजवळ गेला. आणि पहिला ईटीएफ आला कधी? २०२४ च्या ऑगस्टमध्ये, शिखराच्या पाठोपाठ. मढीच्या यात्रेत दुकानं लागतात ती गर्दी जमल्यावरच. दुकानदाराचा त्यात काही दोष नाही. आपण मात्र गर्दी बघून भाव ठरवू नये.

एचडीएफसीचा या क्षेत्रातला फंड त्याआधीचा, २०२३ चा. तिथे यादीऐवजी माणूस शेअर निवडतो. त्यांनी एकरकमी पैसे घेणं लवकरच थांबवलं आणि २०२४ च्या जुलैत नव्या एसआयपीही घेणं थांबवलं. मला हे वाचून नवल वाटलं. विकणाराच दार लावून घेतो म्हणजे आत जागा कमी आहे. यादीवर चालणाऱ्या फंडाला अशी निवड नसते. जेवढे पैसे येतील तेवढ्याचे तेच शेअर, असेल त्या भावाने घ्यायचे.

हे सगळं ऐकून सुभेदार गप्प बसला. मग मी त्याला विचारलं, "हे दहा लाख कशाचे आहेत?" हा प्रश्न खरं तर पहिल्याच दिवशीचा. चार लाख मुलाच्या इंजिनीअरिंगच्या फीचे, पुढच्या दोन वर्षांत लागणारे. तीन लाख घराच्या स्लॅबचे, पावसाळ्याआधी. उरलेले तीन 'असेच'. आता हिशेब करा. २०२४ च्या जुलैत कोणी हे दहा लाख त्या यादीवर लावले असते, तर फेब्रुवारीत साडेसहाच्याही आत आले असते. निर्देशांक पुढे सावरला हे खरं. पण कॉलेज फी भरायची तारीख निर्देशांकासाठी थांबत नाही, आणि पाऊस तर नाहीच नाही. आमच्या जिल्ह्याने बुडालेल्या पतसंस्था पाहिल्या आहेत. तिथे पैसे बुडाले ते वेगळ्या कारणाने, बाजाराचा चढ-उतार वेगळा. पण फीच्या तारखेला हात रिकामा असला की बापाला दोन्ही सारखेच.

शेवटी कागदावर असं ठरलं. फी आणि स्लॅब यांचे सात लाख बँकेत मुदत ठेवीत, लागतील त्या तारखांना मोकळे होतील असे. दोन लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. फौजेतून निवृत्त झालेल्यांना ती साठीऐवजी पन्नाशीपासूनच खुली आहे, हे बऱ्याच माजी सैनिकांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहितो. उरलेला एक लाख ईटीएफमध्ये, तोही एकदम नाही, बारा महिन्यांत थोडा थोडा, आणि निदान सात वर्षं हात लावायचा नाही अशा बोलीवर. (वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर वीस टक्के कर, वर्षानंतर साडेबारा, तोही वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर.) दोघांपैकी कोणता घेतला ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर उद्या पाच नातेवाईक तोच घेतील आणि पडला की मला फोन करतील!

पैशांचं असं मिटलं. पण जाता जाता सुभेदार एक बोलला ते अजून मनात आहे. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हा तो नोकरीत होता, रेजिमेंटबरोबर. म्हणाला, "सर, आम्ही गाड्या तयार करून हुकमाची वाट बघत बसलो होतो. घरी फोन नाही. पोरं विशीतली. आणि नंतर बघितलं तर हे सगळे शेअर त्याच महिन्यात असे चढलेले. आता माझ्याकडं हे असलं, की लढाईची बातमी आली तर मी आधी काय बघीन, रेजिमेंटच्या पोरांचं की भावाचं?"

मी मास्तर असून उत्तर देऊ शकलो नाही. फौजेवर पोट भरणं यात पाप नाही. भिंगारचा शिंपी, दूधवाला, भाजीवाला पिढ्यान्‌पिढ्या छावणीवर जगतो. पण शिंप्याला शांततेतही गणवेश शिवायचे असतात, लढाईची वाट बघावी लागत नाही. चांगली संरक्षण कंपनीही खरं तर तशीच जगते: दहा-दहा वर्षांच्या करारांवर, दुरुस्तीवर, सुट्या भागांवर. लढाईच्या बातमीवर उडी मारतो तो भाव, कंपनीचं रोजचं काम नव्हे. उलट रेंजच्या कडेची राहुरी, पारनेर, नगर तालुक्यांतली गावं बघा. आपली जमीन कधी घेतली जाईल या धास्तीत त्यांच्या पिढ्या गेल्या. देशाच्या संरक्षणाची किंमत त्यांनी मोजली, आणि ती कुठल्याच निर्देशांकात धरलेली नाही.

म्हणून सात वर्षं हात लावायचा नाही ही अट मला कर वाचवण्यापेक्षाही दुसऱ्या कारणाने बरी वाटते. ज्याला विकायचंच नाही त्याला रोज भाव बघायचं कारण नाही. सुभेदाराने मोबाइलमधलं ते भाव दाखवणारं अ‍ॅप मुलाकडे दिलं आहे आणि महिन्याच्या दहा तारखेला मुलगा ठरलेली रक्कम टाकतो. बातम्या मात्र सुभेदार स्वतः बघतो, पूर्वीसारख्याच.

तुमच्यापैकी कोणी अशा फंडात पैसे ठेवले असतील तर एकदा यादी उघडून बघा आणि काय सापडलं ते जरूर कळवा. विशेषतः फौजेतल्या घरांतल्या वाचकांनी.